‘छत हललं नाही’ हे कशावरून कळतं? खाणीतल्या मोजणीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने खाणीत कशाला उतरायचं? उत्तर सोपं आहे. ‘एखादी गोष्ट आपल्याला कळली’ असं केव्हा म्हणता येतं, हा आमच्या धंद्याचाच प्रश्न. वर्गात त्याचं उत्तर चुकलं तर विद्यार्थ्याचे दोन मार्क जातात. खाणीत चुकलं तर माणूस जातो. म्हणून हा प्रश्न खाणवाल्यांनी कसा सोडवत आणला, ते एकदा नीट बघायला हवं.

1960 हे साल घेऊ. 21 जानेवारीला संध्याकाळी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक इथल्या कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे 180 मीटरवर, नऊशेच्या आसपास खांब एकापाठोपाठ एक चिरडले गेले. चारशेहून अधिक कामगार आत अडकले. जमिनीवरून भोकं पाडून शोध घेतला, पण कुणी जिवंत सापडलं नाही, आणि मृतदेहही वर आणता आले नाहीत. त्याच वर्षी 16 मे रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. चार महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो जुळायला साधारण तीस वर्षं लागली. आज आपण ती वाट चालणार आहोत.

उलटं बांधकाम

घर बांधताना आपण मोकळ्या जागेत भर घालत जातो. खाणीत उलटं असतं. तिथे सगळं आधीच भरलेलं असतं आणि आपण काढत जातो. काढून जे उरतं तेच बांधकाम. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण वेरूळचं कैलास लेणं आपण पाहिलेलं आहे. तिथे खांब उभा केलेला नाही, भोवतीचा दगड काढल्यावर तो उरलेला आहे.

कोळशाच्या खाणीत हीच रीत ‘बोर्ड अँड पिलर’ नावाने चालते. कोळशाच्या थरात उभे-आडवे रस्ते, म्हणजे गॅलऱ्या, काढत जायचं. मधे कोळशाचे चौकोन सोडायचे. हे चौकोन म्हणजे खांब, आणि वरचा सगळा डोंगर त्यांच्या डोक्यावर. खांब मोठे सोडले तर विकायचा कोळसा आतच राहतो. लहान सोडले तर छत राहत नाही. खाणीचं सगळं अर्थशास्त्र आणि सगळा धोका या एका हिशेबात आहे. लेण्यात आणि खाणीत फरक इतकाच, की लेणं कोरणाऱ्याला एक दिवस काम संपवायचं असतं. खाण रोज बदलते. काल जी आकृती होती ती आज नसते.

तेव्हा ही आकृती मोजायला हवी हे उघड आहे. पण इतिहासात पाहिलं तर मोजणी सुरू झाली ती वेगळ्याच कारणासाठी. जॉर्जियस ॲग्रिकोला यांचा ‘दे रे मेटालिका’ हा ग्रंथ 1556 साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या भागात दोऱ्या, त्रिकोण आणि होकायंत्र घेऊन जमिनीखाली मोजणी कशी करावी हे सांगितलं आहे. ती मोजणी कशासाठी? बोगदा पुढे जाऊन उभ्या विहिरीला कुठे मिळेल आणि आपली हद्द कुठे संपते, हे कळण्यासाठी. म्हणजे प्रश्न मालकीचा आणि खर्चाचा होता. छत टिकेल का, हा प्रश्न मोजणीदाराला कुणी विचारतच नव्हतं.

नकाशाचा संबंध माणसाच्या जिवाशी आहे हे कायद्याच्या लक्षात यायला पुढे तीनशे वर्षं लागली. ब्रिटनमध्ये 1850 च्या कायद्याने कोळसा खाणींना नकाशे ठेवणं बंधनकारक झालं आणि 1872 च्या कायद्याने बंद पडलेल्या खाणींचे नकाशे सरकारजमा करायचे ठरलं. कारण असं, की जुन्या खाणीत पाणी साठतं आणि नव्या खाणीतला माणूस नकळत त्या पाण्याच्या भिंतीपर्यंत खणत येतो. आपल्याकडे 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत असंच वरच्या जुन्या कामातलं पाणी आत घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. ‘काला पत्थर’ हा सिनेमा आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल, त्यामागे हीच घटना आहे.

पण नकाशात एक गोष्ट बसत नाही. नकाशा ‘काय आहे’ ते सांगतो, ‘काय सरकतंय’ ते सांगत नाही. ते कोण सांगत होतं?

कान, काठी आणि लाकूड

ते सांगत होता कामगाराचा कान. छताला लोखंडी पहारीने किंवा काठीने ठोकून बघायचं. खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट, पोकळ आला तर वरचा थर सुटलेला. कुंभाराकडे मडकं घेताना आपण वाजवून घेतो, तसंच. आपल्या देशातल्या कोळसा खाणींत छताच्या कोसळण्याला ‘चाल’ म्हणतात. या शब्दाची आम्हाला फार गंमत वाटते. दगडाला चाल असते, तो निघतो, हे त्या शब्दातच आहे.

दुसरा साक्षीदार लाकडी टेकू. लाकूड मोडण्याआधी करकरतं. जुने खाणकामगार म्हणत, लाकूड बोलतं. पुढे लोखंडी टेकू आले, ते जास्त भार घेत, पण बोलत नसत. म्हणून त्यांच्यावरचा विश्वास बसायला वेळ लागला. याला कुणी अडाणीपणा म्हणेल, आम्ही म्हणणार नाही. किती भार पेलतं आणि किती आधी सांगतं, हे दोन वेगळे गुण आहेत, आणि कामगाराला दुसरा गुण जास्त मोलाचा होता.

या ज्ञानात खोट नव्हती, मर्यादा होती. ते ज्याचं त्याच्यापाशी राहायचं. पहिल्या पाळीच्या माणसाने जे ऐकलं ते दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या हाती देता येत नसे. माइनिंग सरदार वहीत लिहायचा, ‘छत ठीक’. त्या ‘ठीक’मध्ये काल आणि आज यांत किती फरक पडला ते सापडत नाही. आणि सरकणं म्हणजे दुसरं काय? काल आणि आज यांतला फरकच.

सत्तावीस आणि अठ्ठ्याण्णव

आता पुन्हा कोलब्रुक. त्या अपघातानंतर दक्षिण आफ्रिकेत प्रश्न विचारला गेला: खांब नेमका किती भार पेलतो? प्रयोगशाळेत कोळशाचा छोटा ठोकळा दाबून याचं उत्तर मिळत नाही. लहान ठोकळ्यात भेगा कमी, मोठ्या खांबात जास्त, म्हणून ठोकळा नेहमी खांबापेक्षा शूर दिसतो. मिक्लोश सॅलामन, जन्माने हंगेरियन, आणि त्यांचे सहकारी मन्रो यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी प्रत्यक्ष खाणींचीच नोंद घेतली. 98 ठिकाणी खांब टिकले होते, 27 ठिकाणी ढासळले होते. या 125 उदाहरणांवरून 1967 साली त्यांनी खांबाच्या ताकदीचं सूत्र मांडलं. रुंदी वाढली की ताकद वाढते, उंची वाढली की घटते, आणि किती, ते त्यात आहे. येणाऱ्या भाराच्या 1.6 पट ताकद असावी, अशी शिफारसही त्यांनी केली.

हे सूत्र पुढे जगभर गेलं आणि त्याने असंख्य जीव वाचवले यात शंका नाही. पण ते कशावर उभं आहे ते पाहा. ज्ञान मिळवायला 27 ठिकाणं आधी पडावी लागली.

आणखी एक गोष्ट. सूत्रात रुंदी आणि उंची घालायची असते. ती कुठून आणायची? नकाशावरून. समजा नकाशावर खांब 12 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे आणि सुरक्षेचं प्रमाण बरोबर 1.6 येतं. आता सुरुंगाच्या हादऱ्याने आणि वर्षानुवर्षं कडा सुटत गेल्याने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर कमी झाला. खांब 11 मीटर राहिला. कुणाच्या तरी मनात आलं म्हणून, किंवा छताचा सैल थर पाडला म्हणून, उंची साडेतीन मीटर झाली. डोळ्याला हा फरक जाणवणारसुद्धा नाही. त्याच सूत्राने हिशेब केला तर 1.6 चं प्रमाण 1.2 च्याही खाली येतं. म्हणजे ठेवलेल्या राखीव ताकदीपैकी दोन तृतीयांशाहून जास्त भाग गेला, आणि नकाशावर काहीच बदललेलं नाही. आपल्या कोळसा खाणींच्या जुन्या नियमांत गॅलरीची रुंदी 4.8 मीटर आणि उंची 3 मीटर यापुढे जाऊ नये अशी मर्यादा का घातली होती, ते यावरून समजतं.

तेव्हा पहिली गरज साधी होती. खांब आज खरोखर केवढा आहे?

आधी शंका, मग मोजणी

लेझर यायच्या आधी हे मोजत नसत असं नाही. छतात आणि जमिनीत खुंट्या ठोकायच्या, मधे लांब-आखूड होणारी पट्टी धरायची आणि ठरावीक दिवसांनी अंतर घ्यायचं. 40 मिलिमीटर कमी झालं, म्हणजे छत खाली आलं किंवा जमीन वर आली. दुसरं साधन ‘टेल-टेल’. छताला भोक पाडून वरच्या घट्ट थरात एक टोक अडकवायचं आणि दुसरं टोक खाली लोंबत ठेवायचं. त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. थर सुटू लागले की एकेक पट्टा भोकात जातो. खालून जाणारा कुणीही माणूस मान वर करून बघू शकतो. ना वीज, ना संगणक. आमच्या मते विसाव्या शतकातलं हे एक थोर साधन आहे, कारण त्याचा निकाल साहेबाला आणि कामगाराला एकाच वेळी कळतो.

पण या साधनांची एक अट आहे. कुठे मोजायचं ते आधी ठरवावं लागतं. जिथे शंका तिथे खुंटी. जिथे शंका आली नाही तिथे खुंटी नाही, आणि दगडाला आपल्या शंकेशी देणंघेणं नसतं.

लेझरने खरा बदल केला तो इथे.

प्रकाशाची दोरी

तंत्र थोडक्यात सांगतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 30 सेंटिमीटर जातो. यंत्राने किरण सोडला, तो भिंतीवर आपटून परत आला, लागलेला वेळ मोजला, की अंतर कळलं. मात्र एक मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर नॅनोसेकंदाचेही सुमारे दीडशे भाग करून मोजावं लागतं. काही यंत्रं वेळ थेट न मोजता जाणाऱ्या-येणाऱ्या लहरींतला फरक बघतात. यंत्राचा आरसा फिरत राहतो, आणि थोड्या वेळात भोवतीच्या खडकावरचे लाखो बिंदू नोंदले जातात. त्याला ‘पॉइंट क्लाउड’ म्हणतात, आपण ‘बिंदूंचा ढग’ म्हणू. ॲग्रिकोलाच्या माणसाने ताणलेली दोरीच ही, फक्त प्रकाशाची आणि लाखो वेळा ताणलेली.

खाणीत याचा पहिला मोठा उपयोग कोळशात झाला नाही, धातूच्या खाणीत झाला. तिथे खनिज फोडून काढल्यावर जमिनीखाली प्रचंड पोकळ्या राहतात. त्यांत शिरायला माणसाला मनाई असते, कारण वर आधार नसतो. मग आत काय झालं हे कसं कळायचं? बाहेर आलेल्या मालावरून. खनिजात फुकटचा दगड जास्त आला, तर समजायचं की कुठली तरी भिंत ढासळली. कुठली, किती, ते अंदाजाने. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात नोरांडा या खाण कंपनीच्या तंत्रकेंद्राने आणि ऑप्टेक या लेझर कंपनीने मिळून एक यंत्र केलं. लांब दांडीच्या टोकाला लेझरचं डोकं. माणूस सुरक्षित कडेला उभा, दांडी पोकळीत, आणि डोकं सगळीकडे फिरून पोकळीचा आकार घेऊन येतं.

याने काय साधलं? पोकळीच्या भिंती टिकतील का, याचे तक्ते त्या आधीच तयार झाले होते. 1980 च्या सुमारास मॅथ्यूज यांनी ते सुचवले आणि 1988 मध्ये पोतव्हाँ यांनी ते बऱ्याच उदाहरणांवर घासून पाहिले. पण त्यांतला निकाल ‘टिकली’, ‘ढासळली’ अशा शब्दांत होता. आता प्रत्येक भिंत किती मीटर जास्त सुटली हे आकड्यात मिळू लागलं. सॅलामन यांना शिकायला 27 पडझडी लागल्या होत्या. इथे रोजच्या कामातली प्रत्येक रिकामी पोकळी काहीतरी शिकवू लागली, आणि तेही आत कुणी नसताना. अपघातातून शिकण्याऐवजी कमी-जास्त सुटलेल्या भिंतींतून शिकणं, ही या इतिहासातली सर्वांत मोठी पायरी आहे असं आम्हाला वाटतं.

पुढचा टप्पा हातात धरून चालण्याचा. जमिनीखाली जीपीएस पोचत नाही. मग चालणाऱ्या यंत्राला आपण कुठे आहोत हे कसं कळणार? ते भोवतीच्या भिंती पाहून आपली जागा ठरवतं आणि त्या जागेवरून पुन्हा भिंतींचा नकाशा करतं. दोन्ही एकदमच. ‘स्लॅम’ म्हणतात त्याला. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने स्प्रिंगवर डुलणारा ‘झेबेडी’ हा हातातला स्कॅनर 2012 च्या सुमारास पुढे आणला. त्याच विद्येवर आता ड्रोन अंधाऱ्या पोकळीत शिरून परत येतात.

तर बदल हा, की आता शंकेची वाट पाहावी लागत नाही. सगळंच नोंदलं जातं. शंका सहा महिन्यांनी आली तर सहा महिन्यांपूर्वीचा ढग काढून त्याला नवा प्रश्न विचारता येतो. खाणीला, म्हणा ना, स्मरणशक्ती आली.

दोन ढग आणि एक खुंटी

इथपर्यंत ऐकून वाटेल, चला, प्रश्न सुटला. मार्चचा ढग आणि जूनचा ढग एकमेकांवर ठेवा, फरक दिसेल तिथे रंग भरा, झालं. आता आमचा विषय सुरू होतो.

दोन ढग एकमेकांवर ठेवायचे, पण कशाला धरून? घरात कपाट सरकलं हे आपण ओळखतो कारण भिंत सरकलेली नाही. खाणीत भिंतच सरकते, छत उतरतं, जमीन फुगते. सरकणं मोजायला न सरकणारं काहीतरी लागतं, आणि खाणीत नेमकं तेच मिळत नाही. संगणकाला सांगितलं, की दोन्ही ढग शक्य तितके जुळतील असे बसव, तर तो इमानदारीने बसवतो. समजा एक बाजू दोन सेंटिमीटर आत आली आहे. जुळवण्याच्या नादात त्यातला काही भाग स्थिर बाजूच्या नावावर चढतो. दोन्ही बाजू थोड्या-थोड्या हलल्यासारख्या दिसतात, आणि ‘थोडं’ म्हणजे ‘यंत्राची चूक’ म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून खाणीच्या घट्ट भागात, चालू कामापासून दूर, पक्क्या खुणा ठेवून तिथून मोजणी आणावी लागते. प्रकाशाची दोरी कितीही लांब असो, ती बांधायला खुंटी जुनीच लागते.

शिवाय प्रकाश जिथे पोचत नाही तिथे बिंदू नाहीत. पुढे आलेल्या दगडामागे सावली पडते. ओल्या भिंतीवर किरण भलतीकडे उडतो. कोळसा काळा, तो प्रकाश गिळतो. छताला जाळी मारली असेल तर यंत्र जाळी मोजतं, मागचा सुटलेला दगड मोजत नाही. हवेत धूळ असते. ज्या कोळसा खाणींत ज्वालाग्राही वायू असतो तिथे ठिणगी न पाडणारी, तपासलेली विजेची साधनंच नेता येतात, म्हणजे दुकानातून आणलेला स्कॅनर तसाच आत नेता येत नाही. आणि अचूकतेचं म्हणाल तर तिवईवरचं यंत्र काही मिलिमीटरपर्यंत जातं, चालत-फिरत घेतलेली मोजणी सेंटिमीटरच्या घरात असते. छताचे थर काही मिलिमीटर सुटणं हीसुद्धा बातमी असू शकते, आणि ती या दुसऱ्या मोजणीत दिसणारच नाही.

काही ठिकाणी तर खडक आधी काही सांगतच नाही. कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. एवढ्या खोलीवर कठीण खडकात ताण साठतो आणि एखाद्या क्षणी तो स्फोटासारखा फुटतो. रॉकबर्स्ट म्हणतात त्याला. तिथे भिंत हळूहळू पुढे येईल आणि लेझर ती टिपेल, याचा भरवसा नाही. तिथे खडकातले बारीक हादरे ऐकणारी उपकरणंच लागतात, म्हणजे पुन्हा कान. कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली, पण तिच्या अनुभवातून 1988 मध्ये तिथे उभी राहिलेली राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था आजही काम करते.

अनुपलब्धी

आता मुद्द्याचं वाक्य. खाणीच्या व्यवस्थापकाला पहाटे पाळी आत सोडताना कुठलं वाक्य ऐकायचं असतं? ‘छत हललं नाही.’ हे वाक्य कुठल्या प्रकारचं ज्ञान आहे?

छत 40 मिलिमीटर उतरलं हे प्रत्यक्ष ज्ञान झालं. पण ‘हललं नाही’ हे अभावाचं ज्ञान आहे. आपल्या परंपरेत यावर फार बारीक विचार झालेला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे मला कसं कळतं? घट दिसत नाही, यावरून. पण याला अट आहे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मधे आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. नैयायिकांचा या प्रमाणाला स्वतंत्र मानायला विरोध, पण ही अट त्यांनाही मान्य.

खाणीतल्या लेझर-मोजणीची सगळी नीती या एका शब्दात आहे असं आम्ही म्हणतो. ‘स्कॅनमध्ये हालचाल दिसली नाही’ आणि ‘हालचाल झाली नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर दाखवून द्यावं लागेल, की हालचाल झाली असती तर ती दिसलीच असती. म्हणजे या यंत्राला या अंतरावरून कमीत कमी किती सरकणं दिसतं, खुणा कुठे पक्क्या होत्या, कुठला कोपरा सावलीत होता, आणि दोन मोजण्यांमधे किती दिवस गेले, हे सगळं अहवालात हवं. जिथे बिंदू नाहीत तिथे चित्रात हिरवा रंग भरू नये, तो भाग कोरा ठेवावा. हिरवा म्हणजे ‘बघितलं, हललं नाही’. कोरा म्हणजे ‘बघितलंच नाही’. या दोहोंत माणसाच्या जिवाएवढं अंतर आहे.

आणि रंगीत चित्राचा मोह मोठा असतो. पहारीने ठोकणाऱ्या माणसाला आपण सगळं छत ठोकलेलं नाही हे माहीत असतं. लाख बिंदूंच्या चित्रापुढे बसलेल्याला वाटतं, सगळं पाहून झालं. साधन जेवढं समर्थ, तेवढी न पाहिलेल्याची आठवण ठेवणं अवघड.

थांबायचं कुणी सांगायचं?

शेवटचा प्रश्न लेझरच्या आवाक्याबाहेरचा आहे. कळलं, मग पुढे?

अमेरिकेत यूटा राज्यात क्रँडल कॅनियन नावाची कोळशाची खाण होती. मार्च 2007 मध्ये तिच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात खांब फुटून कोळसा उसळला. तो भाग सोडला आणि दक्षिणेच्या तशाच पट्ट्यात काम चालू ठेवलं. 6 ऑगस्टला तिथे खांब कोसळून सहा कामगार गाडले गेले. त्यांना काढायला गेलेल्यांपैकी तिघे 16 ऑगस्टला दगावले. इशारा मिळाला नव्हता असं नाही. उत्तरेचा इशारा दक्षिणेला लागू करायचा, हा निर्णय झाला नाही.

कोलब्रुकमध्येही मोठ्या पडझडीच्या आधी, 28 डिसेंबर 1959 ला, एक भाग बसला होता. आणि 21 जानेवारीबद्दलच्या वृत्तांतांत असं सांगितलं आहे, की पहिला आवाज झाल्यावर काही कामगार बाहेर पडायला धावले आणि मुकादमांनी त्यांना परत आत धाडलं. वर्णभेदाच्या त्या राज्यात काळ्या कामगाराच्या कानाला प्रमाण मानायचं नाही, हे ठरलेलंच होतं. म्हणजे ज्ञान होतं. ते ज्याच्यापाशी होतं त्याला थांबण्याचा हक्क नव्हता.

हे दूरचं वाटत असेल तर जवळ येऊ. विदर्भात वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचं आणि मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं, दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं नागपूरला आहेत. नागपूर जिल्ह्यातली गुमगाव, भंडारा जिल्ह्यातली चिखला या मँगनीजच्या भूमिगत खाणी. तिथे खनिज खालून वर थराथराने काढतात, खालची पोकळी वाळूने भरतात, आणि माणसं त्या भरावावर उभी राहून डोक्यावरच्या खडकाखाली काम करतात. आपल्या 2017 च्या कोळसा खाण विनियमांत छत आणि खांब यांवर लक्ष ठेवण्याची योजना खाणीपाशी असावी असं धरलेलं आहे. अशा योजनेत उद्या स्कॅनर असेल, परवा ड्रोनही असेल. तो यावाच, आमचं काही वेगळं म्हणणं नाही. पण त्या योजनेत आणखी दोन ओळी असाव्यात असं आम्हाला वाटतं. एक, किती सरकलं की काम थांबवायचं, हा आकडा मोजणीच्या आधी लिहून ठेवावा, नंतर नाही. नंतर लिहिला की तो उत्पादनाकडे बघून लिहिला जातो. दुसरी, तो आकडा टेल-टेलच्या लाल पट्ट्यासारखा, आत उभ्या असलेल्या माणसालाही कळावा आणि त्याला थांबता यावं. वरच्या मजल्यावरच्या संगणकात लाल झालेलं छत खालच्याला हिरवंच वाटत असेल, तर मोजणी झाली, पण ज्याला गरज होती त्याला ज्ञान झालं नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही खाणीच्या, बोगद्याच्या, धरणाच्या बाबतीत ‘यंत्राने तपासलं, काही हललेलं नाही’ असं वाचलंत, तर चार गोष्टी विचारा. कशाला धरून मोजलं? हललं असतं तर किती हललेलं दिसलं असतं? न दिसलेला भाग कुठला? आणि हललेलं दिसलं असतं, तर थांबवण्याचा अधिकार कुणाला होता? हे विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

इथे थांबू. वेळ आहे अजून, प्रश्न असतील तर जरूर विचारा.